कारखान्याच्या फाटकापासून वावराच्या धुऱ्यापर्यंत
(प्रस्तावना)

पऱ्हाटी गुडघ्याला लागली की अकोला-अमरावतीकडच्या कृषी केंद्रांत बियाण्यांची गर्दी ओसरते आणि औषधांची सुरू होते. काउंटरवर आलेली एखादी पाव लिटरची बाटली हातात घेऊन नीट पाहावी. दर्शनी बाजूला कोनावर उभा केलेला एक चौकोन असतो, त्याचे आडवे दोन भाग केलेले असतात. खालचा त्रिकोण रंगाचा : लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द, आणि रंग लाल असेल तर कवटी व हाडे. हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाच्या एक षोडशांशापेक्षा लहान असता कामा नये, असा नियम आहे. शेजारी सक्रिय घटकाचे शेकडा प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, नोंदणी क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक, विषबाधा झाल्यास काय करायचे त्याची सूचना. सोबत घडी घातलेले माहितीपत्रक. ते हिंदी, इंग्रजी आणि माल जिथे विकला जाणार तिथल्या एक-दोन भाषांत छापावे लागते. यातला जवळपास कोणताच मजकूर कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नाही.

ही बाटली इथवर आणण्यासाठी उत्पादकाला काय काय करावे लागते, ते करवून घेणारे कायदे कुठून आले आणि त्यांतून काय सुटून गेले, हा या संग्रहाचा विषय आहे. रसायनांच्या सुरक्षिततेचे नियम रंगांना आहेत, साबणाला आहेत, खेळण्यांना, सौंदर्यप्रसाधनांना आणि फटाक्यांनाही आहेत. आम्ही कीटकनाशके निवडली. बाकीच्या बहुतेक उत्पादनांत विषारी घटक नकोसा असतो आणि तो कमीत कमी ठेवणे म्हणजे नियम पाळणे. कीटकनाशकात विषारीपणा हाच माल असतो. तो बाटलीत बंद ठेवून उपयोगाचा नाही. तो उघडायचा, पाण्यात कालवायचा आणि वाऱ्यावर उडवायचा असतो. म्हणून उत्पादकाची जबाबदारी नेमकी कुठे संपते, हा प्रश्न इथे सर्वांत अवघड होऊन बसतो. वऱ्हाडाला २०१७ मध्ये त्या प्रश्नाची किंमत माणसांच्या जिवांनी मोजावी लागली.

त्या वर्षी पावसाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत अमरावती विभागातल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शेजारच्या जिल्ह्यांतूनही बाधितांच्या बातम्या येत राहिल्या. कारणे एकावर एक चढत गेली होती. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीला जुमानेनाशी झाली होती. पऱ्हाटी अनेक ठिकाणी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा पिकावर पडण्याआधी फवारणाऱ्याच्या तोंडावर येत होता. बाजारात नव्याने आलेले जोरदार दाबाचे बॅटरी पंप तुषार बारीक करून उडवत होते. एकाच पंपात दोन-तीन औषधे आणि वरून टॉनिक, असा मिसळा सर्रास चालू होता. मजुरी पंपाच्या हिशेबाने ठरली असेल तर ऊन चढले म्हणून काम थांबवणे मजुराला परवडत नाही. नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी घातली. प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, अ‍ॅसिफेट, डायफेनथ्युरॉन आणि मोनोक्रोटोफॉस ही ती पाच.

बनावट मालाची चर्चा तेव्हा खूप झाली आणि ती निराधार नव्हती. पण बंदी आलेली ही पाचही औषधे देशात रीतसर नोंदलेली होती. म्हणजे कायद्याच्या दारातून आत आलेला मालही माणसे आजारी पाडू शकतो. हे मान्य केले की नियमपालनाचा विचार वेगळ्या जागेवरून सुरू होतो. ती जागा या संग्रहाने घेतली आहे.

आधी कायदा कसा घडत गेला ते पाहू, कारण त्याचा जवळजवळ प्रत्येक टप्पा एखाद्या दुर्घटनेनंतरचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीने मलेरियाला आवर घातला आणि रसायनांविषयी जगभर मोठा विश्वास निर्माण झाला. डीडीटीची कीटकनाशक शक्ती ओळखणारे पॉल म्युलर यांना १९४८ चे नोबेल मिळाले. भारतात १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी निघाली. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेले गव्हाचे पीठ खाऊन १०० हून अधिक माणसे मेली. वाहतुकीत विष आणि अन्न शेजारी शेजारी ठेवले गेले होते. त्या प्रकरणाच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम. आजवर आपण त्याच कायद्यावर चालत आलो आहोत. त्याला पर्याय म्हणून २००८ पासून विधेयके तयार होत आहेत; त्यातले एक २०२० मध्ये राज्यसभेत मांडले गेले आणि स्थायी समितीकडे गेले.

दुसरा टप्पा भोपाळचा. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या रात्री जिथून वायू सुटला, तो कारखाना कार्बारिल हे कीटकनाशक बनवणारा होता, ही गोष्ट आपण अनेकदा विसरतो. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांना आणि शेजाऱ्यांना देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ मध्ये घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे नियम आले आणि त्यांच्यासोबत सुरक्षा माहितीपत्रके व आपत्कालीन आराखडे. थोडक्यात, १९६८ चा कायदा मालाकडे पाहतो आणि भोपाळनंतरचे कायदे कारखान्याकडे. वावरात पंप पाठीवर घेतलेला माणूस या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभा राहतो.

जगातही याच काळात हालचाल चालू होती. रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ने १९६२ मध्ये डीडीटीच्या दीर्घ परिणामांकडे लक्ष वेधले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये कीटकनाशकांसाठी आंतरराष्ट्रीय आचारसंहिता केली. १९९८ च्या रॉटरडॅम करारामुळे ठरावीक घातक रसायने आयातदार देशाला आधी कळवून, त्याच्या संमतीनेच पाठवण्याची पद्धत आली. २००१ च्या स्टॉकहोम कराराने निसर्गात वर्षानुवर्षे टिकणाऱ्या विषांची यादी केली. केरळच्या कासरगोडमुळे आपल्याला माहीत झालेले एंडोसल्फान २०११ मध्ये त्या यादीत गेले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने भारतात त्याचे उत्पादन व विक्री थांबवली.

या सगळ्या इतिहासातून आजच्या उत्पादकासाठी जी वाट तयार झाली, ती सामान्य वाचकाला वाटते त्यापेक्षा बरीच लांब आहे. फरिदाबादला केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती आहे. नवे औषध आणायचे तर तिच्यापुढे चार प्रकारची माहिती ठेवावी लागते : रसायनाची, परिणामकारकतेची, विषारीपणाची, आणि वेष्टन व लेबलाची. विषारीपणात तोंडावाटे, त्वचेवाटे आणि श्वासावाटे होणारी तीव्र बाधा येते. त्वचा-डोळ्यांची जळजळ, दीर्घकाळच्या चाचण्या, कर्करोग आणि गर्भावरचे परिणाम येतात. शिवाय पक्षी, मासे, मधमाश्या यांवरचे परिणाम, पिकात उरणारा अंश, आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची तो प्रतीक्षा काळ. दुसऱ्या कंपनीने आधीच नोंदवलेले औषध बनवायचे असेल तर वाट बरीच सोपी आहे. त्याच अटींवर नोंदणी मिळते. बाजारात एकाच औषधाची पन्नास नावे दिसतात, त्याचे मूळ इथे आहे.

लेबलावरचा रंग या चाचण्यांतून ठरतो. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांपैकी निम्मे ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. तोंडावाटे ही मात्रा ५० पर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. शेतकऱ्याला सांगताना आपण ‘हिरवा म्हणजे सौम्य’ असे म्हणून मोकळे होतो. पण हा रंग एका वेळच्या, एकट्या औषधाच्या मात्रेविषयी बोलतो. तीन औषधे एका पंपात गेली तर त्या मिश्रणाचा रंग कोणता, याचे उत्तर लेबल देत नाही, कारण ते कोणी मोजलेलेच नसते.

कारखान्यातली कसोटी कशी असते, याचे एक उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पाण्यात दुधासारखे पांढरे होणारे औषध, म्हणजे दुकानदार ज्याला ईसी म्हणतो ते, सक्रिय घटक तेलकट द्रावकात विरघळवून आणि त्यात इमल्सिफायर घालून तयार करतात. गुणवत्ता नियंत्रण विभागात त्याचे २ मिलिलीटर घेऊन प्रमाणित जड पाण्यात १०० मिलिलीटर मिश्रण करतात आणि काचेच्या उभ्या नळीत ३० अंश तापमानाला तासभर ठेवतात. वर जमलेली साय आणि खाली बसलेला थर मिळून २ मिलिलीटरपेक्षा जास्त भरला तर बॅच नापास. हे प्रमाणित पाणी प्रयोगशाळेत क्षार तोलून बनवलेले असते. त्याचा जडपणा दर लिटरमागे ३४२ मिलिग्रॅम. दुसरीकडे बंद कुपीत तेच औषध ५४ अंशांच्या भट्टीत १४ दिवस ठेवून, दुकानातल्या दोन वर्षांत त्याचे काय होईल याचा अंदाज घेतात. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात माल ठेवणाऱ्या कोणालाही या दुसऱ्या चाचणीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

आता ही नळी पूर्णेच्या खोऱ्यात आणू. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा आपल्या ओळखीचा आहे. तिथल्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. फवारणीला मात्र तेच पाणी वापरले जाते, कारण गोडे पाणी प्यायलाच पुरत नाही. प्रमाणित पाण्यात तासभर टिकलेले इमल्शन या पाण्यात किती टिकते? ते पंपात फुटले तर पहिल्या तासात आणि शेवटच्या तासात हातावर सांडणारे द्रावण सारखेच असेल का? बॅच तर पास झाली, कारखान्याने नियमही पाळला. प्रश्न तरीही शिल्लक राहतो. वऱ्हाडातल्या शेतीचे पाणी, उष्मा, पिकाची उंची, मजुरीची पद्धत या गोष्टी फरिदाबादच्या फायलीत आपोआप पोहोचत नाहीत.

बाजारातल्या मालावर नजर ठेवायला कीटकनाशक निरीक्षक असतात आणि राज्यात मोजक्या चाचणी प्रयोगशाळा आहेत. त्यातली एक अमरावतीला आहे. निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करतो : एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी. विश्लेषकाचा अहवाल ३० दिवसांत यायला हवा. तो मान्य नसेल तर २८ दिवसांत आव्हान देता येते आणि मग केंद्रीय प्रयोगशाळेचा निकाल अंतिम. व्यवस्था विचारपूर्वक आखलेली आहे. पण ती मुख्यतः एकच प्रश्न विचारते : बाटलीवर लिहिले तेवढे औषध बाटलीत आहे का? ३६ टक्के लिहिलेल्या बाटलीत ३० टक्के निघाले तर खटला होतो. ३६ टक्के लिहिलेले आणि ३६ टक्केच असलेले औषध फवारून माणूस कोसळला, तर या यंत्रणेकडे फारसे उत्तर नसते.

नियमपालन म्हणजे काय, याविषयी जगात ज्या विचारधारा आहेत, त्या या प्रश्नापाशी वेगवेगळ्या दिशांनी येतात. पहिला मतभेद अंगभूत घातकता आणि प्रत्यक्ष जोखीम यांतला. युरोपीय संघाने २००९ च्या नियमावलीत काही गुणधर्मांसाठी सरळ दार बंद केले. कर्करोगकारक किंवा प्रजननाला अपायकारक ठरलेला पदार्थ, तो कितीही काळजीपूर्वक वापरू म्हटले तरी, सहसा मंजूर होत नाही. दुसरी विचारधारा म्हणते, विष घातक असतेच. लेबलप्रमाणे वापरल्यास जोखीम किती, ते मोजा आणि मग ठरवा. भारताची व्यवस्था बहुतांशी या दुसऱ्या वाटेची. तिचा सगळा भार ‘लेबलप्रमाणे वापरल्यास’ या दोन शब्दांवर आहे. ते शब्द वावरात खरे ठरत नसतील तर जोखमीचे गणितही खरे राहत नाही.

दुसरा मतभेद पुराव्याच्या ओझ्याचा. अमेरिकेच्या १९७६ च्या रसायन कायद्यात धोका सिद्ध करण्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारवर होता. युरोपच्या ‘रीच’ कायद्याने २००७ पासून तो उलटवला : वर्षाला एक टन किंवा अधिक बनवता अथवा आयात करता, तर त्या पदार्थाची माहिती तुम्हीच द्या, माहिती नाही, तर बाजारही नाही. कीटकनाशकांना ही अट जवळपास सगळीकडे आधीपासून आहे. भारतातल्या बाकीच्या औद्योगिक रसायनांसाठी मात्र असा एकछत्री कायदा अजून मसुद्यांच्या पातळीवरच रेंगाळतो आहे.

तिसरी विचारधारा स्वयंशिस्तीची. कॅनडात १९८५ मध्ये ‘रिस्पॉन्सिबल केअर’ सुरू झाले आणि ते जगभरच्या रसायन उद्योगाने उचलले. भारतातही अनेक कंपन्या त्यात आहेत. कंपन्यांची शेतकरी प्रशिक्षणे, सुरक्षा किट, गावातल्या सभा या त्याच विचाराच्या शाखा. चौथी विचारधारा जाणून घेण्याच्या हक्काची. भोपाळनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून कारखान्याशेजारच्या वस्तीला रसायनांची माहिती मिळण्याचा अधिकार दिला. गंमत अशी की दुर्घटना आपल्याकडे घडली आणि तिचा सर्वांत धारदार धडा दुसऱ्या देशाच्या कायद्यात गेला.

या चारही विचारधारांना एकत्र तपासून पाहायचे असेल तर अन्न व कृषी संघटनेच्या आचारसंहितेतले एक कलम पुरेसे आहे. ज्या कीटकनाशकांसाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात, ती टाळावीत. विशेषतः उष्ण हवामानातल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या बाबतीत, असे ते सांगते. सप्टेंबरच्या दमट उन्हात रबरी हातमोजे, गॉगल, मास्क आणि अ‍ॅप्रन घालून आठ तास पऱ्हाटीत फिरून पाहिलेल्या माणसाला हे कलम वाचून दाखवायची गरज नाही. अपघात झाला की ‘किट घातले नव्हते’ असा शेरा लिहिला जातो. किट घालणे शक्य होते का, हा प्रश्न उत्पादन नोंदवतानाच विचारायला हवा होता, असे या कलमाचे म्हणणे आहे.

कायद्यातली एक विसंगती तर डोळ्यांत भरते. १९७१ च्या नियमांत कीटकनाशके हाताळणाऱ्यांची नियमित वैद्यकीय तपासणी सांगितली आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट व कार्बामेट गटात काम करणाऱ्यांच्या रक्तातले कोलिनेस्टरेज दरमहा तपासायचे आहे. नोंदवही ठेवणाऱ्या कारखान्यात ते होऊ शकते. ते औषध पंधरा दिवस सलग फवारणाऱ्या शेतमजुराचे रक्त कोण तपासणार? २०१७ मध्ये यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात ही चाचणीच होत नव्हती, ही बाब तेव्हा ठळकपणे पुढे आली. ती चाचणी नसेल तर डॉक्टरला लक्षणांवरून अंदाज करावा लागतो. रुग्णासोबत बाटली आली नसेल तर कोणते औषध, हेही कळत नाही.

इथे या संग्रहाचे मुख्य म्हणणे येते. आपल्या व्यवस्थेत माहिती पुढे जाण्याची वाट आहे. मागे येण्याची नाही. कारखान्याची माहिती लेबलावर येते, लेबल दुकानात, दुकानातून वावरात. वावरात काय झाले, हे रुग्णालयात थांबते. नोंदणी समितीपर्यंत आणि उत्पादकाच्या टेबलापर्यंत ते नियमाने पोहोचत नाही. विषबाधेच्या घटना कळवणे राज्य सरकार सक्तीचे करू शकते, अशी तरतूद १९६८ च्या कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे. कलम २७ खाली राज्य ६० दिवसांची तात्पुरती बंदी घालू शकते आणि ती फार तर ३० दिवस वाढवता येते. त्यानंतर निर्णय केंद्राचा. ठोस, सातत्याची नोंद हाती नसेल तर त्या मुदतीनंतर बंदी टिकवण्यासाठी राज्याकडे सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

परतीची वाट नसली की किती वेळ जातो, ते मोनोक्रोटोफॉसकडे पाहून समजते. २००५ मध्ये ते भाजीपाल्यावर वापरायला मनाई झाली. २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनातून ते पोटात जाऊन २३ मुले दगावली. २०१७ मध्ये वऱ्हाडातल्या तात्पुरत्या बंदीच्या यादीत ते होते. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर देशव्यापी बंदीचा आदेश निघाला तो २०२३ मध्ये, आणि तोही साठा संपवायला मुदत देऊन. पहिल्या मनाईपासून त्या आदेशापर्यंत १८ वर्षे लोटली.

लेबल आणि वावर यांतले अंतर दुसऱ्या बाजूनेही पाहता येते. ग्लायफोसेट या तणनाशकाची भारतातली नोंदणी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागांसाठी. वऱ्हाडात चहाचे मळे नाहीत, पण ग्लायफोसेटला गिऱ्हाईक भरपूर होते. धुऱ्यावर मारण्यासाठी घेतलेले औषध विनापरवाना तणनाशक-सहनशील कपाशीत जात होते. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने हे बियाणे जाहीरपणे पेरून सरकारला आव्हान दिले. निंदणीला मजूर मिळत नाही, हे त्यामागचे खरे दुखणे होते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर प्रशिक्षित कीड नियंत्रकांपुरता मर्यादित केला. कागदावर प्रश्न मिटला. निंदणीचा मिटला नाही. शेतकऱ्याची गरज ओळखल्याशिवाय केलेला नियम मोडला जातो आणि मोडणारा प्रत्येक जण बेफिकीर असतो असे नाही.

मग हा विषय आजच का? एक तर बाजार बदलला आहे. कृषी केंद्राच्या फळीवर टॉनिक, बायो, हर्बल अशा नावांच्या बाटल्यांची रांग वाढली आहे. २०२१ मध्ये जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणले गेले, पण अशा बाटलीत रासायनिक कीटकनाशक मिसळून विकण्याची लबाडी जुनी आहे. अशा बाटलीवर रंगाचा त्रिकोणच नसल्याने फवारणारा निर्धास्त असतो. दुसरे, निर्यातीचा दबाव. वरुड-मोर्शीच्या संत्र्याला बाहेरचे गिऱ्हाईक हवे असेल तर फळातला अंश मोजला जाणार. फळ खाणाऱ्यासाठी होते ती मोजणी फवारणाऱ्याच्या रक्ताची होत नाही. तिसरे, न्यायाची वाट देशाबाहेर गेली आहे. २०२० मध्ये यवतमाळच्या ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये सिंजेंटा कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली आणि काही पीडितांनी बाझेलच्या न्यायालयातही दाद मागितली. कंपनीने आपल्या उत्पादनामुळे ही बाधा झाल्याचे नाकारले. निकाल काहीही असो, अशा प्रत्येक प्रकरणात कोणत्या बाटलीतून काय फवारले गेले हे दाखवणारा कागद मागितला जातो, आणि तो आपल्याकडे क्वचितच जपलेला असतो.

हा संग्रह ना रसायनविरोधी आहे ना उद्योगाची वकिली करणारा. बोंडअळीने हातचे पीक गेलेल्या माणसाला ‘औषध मारू नका’ एवढेच सांगणे निष्ठुरपणाचे आहे, आणि ‘लेबल वाचा’ एवढेच सांगणे हात झटकण्यासारखे. इथले लेखक वेगवेगळ्या जागांवर काम केलेले आहेत : कारखान्याच्या गुणवत्ता विभागात, कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, सरकारी दवाखान्यात, कृषी केंद्राच्या काउंटरमागे, आणि पंप पाठीवर घेऊन. त्यांची मते एकमेकांशी जुळतीलच असे नाही आणि ती जुळवण्याचा प्रयत्न आम्ही केलेला नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : तुमच्या हातून नियम कसा जातो आणि तुमच्यापुढे तो कुठे अडतो? वाचकाने मागचे-पुढचे लेख एकमेकांशेजारी ठेवून वाचले तर बाटलीचा संपूर्ण प्रवास त्याला दिसेल.

आमचे मत मात्र लपवायचे कारण नाही. मालाची विक्री ही उत्पादकाच्या जबाबदारीची अखेर मानता येणार नाही. फवारणी ज्या हवेत, ज्या पाण्यात आणि ज्या पंपाने होते, तिथे उत्पादन पुन्हा तपासणे हा नोंदणीचाच भाग असला पाहिजे. विषबाधेची नोंद सक्तीची, औषधाच्या नावासह आणि बॅच क्रमांकासह झाली पाहिजे, आणि त्या नोंदीवरून नोंदणीचा ठरावीक काळाने फेरविचार झाला पाहिजे. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. कलम २६ वापरायला राज्याला आजही कोणी अडवलेले नाही.

वाचकाला एक विनंती. औषध घेताना पक्के बिल मागा आणि त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्या. हंगाम संपेपर्यंत ते बिल जपून ठेवा. फवारताना कोणाला मळमळ, घाम, धूसर दिसणे किंवा श्वासाचा त्रास झाला तर काम तिथेच थांबवा, अंगावरचे कपडे बदलून अंग धुवा आणि बाटली व माहितीपत्रक घेऊनच दवाखाना गाठा. केसपेपरवर औषधाचे नाव लिहून घेतल्याशिवाय घरी येऊ नका.